मोटारगाडीतील ब्रेक फेड

ब्रेक फेड म्हणजे वारंवार किंवा दीर्घकाळ ब्रेक लावल्याने निर्माण झालेल्या उष्णतेमुळे वाहनाच्या ब्रेकची रोधनक्षमता तात्पुरती घटणे. मराठीत यास ब्रेकची क्षीणता असेही म्हणता येते. बोलीभाषेत मात्र अशा प्रत्येक प्रसंगासाठी 'ब्रेक फेल झाले' असा सरसकट शब्दप्रयोग केला जातो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ब्रेक निकामी होतात तेव्हा एखादा भाग तुटलेला असतो, नळी फुटलेली असते किंवा ब्रेक ऑइल गळून गेलेले असते. ब्रेक फेडमध्ये सर्व भाग शाबूत असतात. उष्णतेमुळे त्यांचे कार्य मंदावते आणि थंड झाल्यावर बहुधा ते पूर्ववत होते. त्यामुळेच अपघातानंतर काही तासांनी केलेल्या तपासणीत फेडचा पुरावा सहजी हाती लागत नाही.

फेडशी निगडित दुसरी बाब म्हणजे ब्रेक पेडलचा स्पर्श. पेडल मऊ पडणे, खोल जाणे, दगडासारखे कठीण होणे किंवा पायाखाली थरथरणे या प्रत्येक लक्षणामागे ठरावीक कारणे असतात. त्यांचे अचूक निदान केल्याशिवाय मोठ्या डिस्क किंवा महागडे कॅलिपर बसवणे निरुपयोगी, प्रसंगी धोकादायक ठरू शकते.

## कार्यतत्त्व

ब्रेक हे मूलतः ऊर्जेचे रूपांतर करणारे साधन आहे. धावत्या गाडीतील गतिज ऊर्जा घर्षणाद्वारे उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता हवेत सोडली जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की ब्रेकवरील भार चौपट होतो. १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे ११६ किलोज्यूल ऊर्जा असते. ताशी १०० किलोमीटर वेगाला ती सुमारे ४६३ किलोज्यूल होते.

या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग पुढील ब्रेक पेलतात असे गृहीत धरल्यास ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा थांबताना पुढील प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे १६२ किलोज्यूल उष्णता येते. बिडाच्या सहा किलोग्रॅम वजनाच्या डिस्कचे तापमान त्यामुळे साधारण ५० ते ५५ अंश सेल्सियसने वाढते. एकदाच थांबल्यास ही वाढ किरकोळ असते. परंतु डिस्क थंड होण्यास अवधी न देता असे सात-आठ वेळा घडल्यास तापमान ४०० अंशांच्या आसपास पोहोचते. सर्वसाधारण प्रवासी गाडीच्या पॅडची कसोटी येथून सुरू होते.

सपाट रस्त्यावर ब्रेकला मधूनमधून विश्रांती मिळते. घाटात ती मिळत नाही, कारण तेथे गाडीच्या वेगाखेरीज उंचीमुळे साठलेली स्थितिज ऊर्जाही नष्ट करावी लागते. म्हणून वेग कमी असूनही घाट उतरताना ब्रेक अधिक तापतात.

## यंत्रणेची रचना

चालकाने पेडलवर दिलेला दाब तीन टप्प्यांत वाढतो. पहिला टप्पा पेडलच्या तरफेचा. तरफेचे गुणोत्तर ४:१ असल्यास पायाचा २०० न्यूटन जोर ८०० न्यूटन होतो. दुसरा टप्पा निर्वात बूस्टरचा. पेट्रोल इंजिनात शोषनळीतील कमी दाबाचा व डिझेल इंजिनात स्वतंत्र निर्वात पंपाचा उपयोग करून बूस्टर हा जोर आणखी वाढवतो. बूस्टरने तो चौपट केल्यास मास्टर सिलिंडरवर ३,२०० न्यूटन जोर पडतो. मास्टर सिलिंडरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असल्यास ब्रेक ऑइलमध्ये ८० बारहून अधिक दाब निर्माण होतो.

तिसरा टप्पा द्रवचालित आहे. हा दाब धातूच्या नळ्या व लवचिक होज पाइपमधून चाकांपर्यंत पोहोचतो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरमधील पिस्टन पॅडला फिरत्या डिस्कवर दाबतात. ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर अर्धगोलाकार शू बाहेर ढकलून त्यांचे लायनर ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घासतो. भारतातील अनेक लहान गाड्यांमध्ये पुढे डिस्क व मागे ड्रम अशी मिश्र रचना आढळते.

द्रव जवळजवळ दाबला जात नाही, या एका गुणधर्मावर ही संपूर्ण यंत्रणा उभी आहे. त्यात वायूचा बुडबुडा शिरला की पेडलचा बराचसा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि पॅडपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

## फेडचे प्रकार

### घर्षण फेड

पॅड व लायनर हे तंतू, धातूचे कण, घर्षण नियंत्रक पदार्थ आणि त्यांना बांधून ठेवणारे राळ यांचे मिश्रण असते. ठरावीक तापमानापलीकडे राळेचे विघटन होऊन वायू बाहेर पडतात व घर्षणगुणांक घसरतो. पेडल नेहमीसारखेच घट्ट व उंच लागते, पण कितीही जोर दिला तरी गाडी अपेक्षेप्रमाणे मंदावत नाही. सोबत करपट वास येतो. अतितापलेल्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि थंड झाल्यावरही त्याची पकड कमी राहू शकते.

नव्या पॅडमध्ये याचा एक विशेष प्रकार आढळतो. कारखान्यात पूर्णपणे न पिकलेली राळ पहिल्या मोठ्या उष्णतेत एकदम वायू सोडते. त्यामुळे नवे पॅड बसवून थेट घाटात जाणे जोखमीचे असते.

### द्रव फेड

पॅडमधील उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल स्पंजासारखे मऊ पडून तळापर्यंत जाऊ लागते. हा फेडचा सर्वांत धोकादायक प्रकार होय, कारण तो फारशी पूर्वसूचना न देता येतो. पुष्कळदा ब्रेक सोडून गाडी उभी केल्यावर काही मिनिटांनी तो प्रकट होतो; वाऱ्याचा झोत थांबल्याने डिस्कमधील उष्णता कॅलिपरमध्ये झिरपत राहते, हे त्याचे कारण आहे.

### यांत्रिक फेड

हा प्रकार ड्रम ब्रेकपुरता मर्यादित आहे. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो व पेडल अधिक खोल जाते. डिस्क ब्रेकमध्ये उलट घडते; डिस्कची जाडी वाढून ती पॅडच्या अधिक जवळ येते. शिवाय ड्रममधील अग्रशू फिरत्या ड्रममुळे आपोआप अधिक घट्ट ओढला जातो. या स्वयंवर्धनामुळे कमी जोरात चांगला ब्रेक लागतो, परंतु घर्षणगुणांक थोडा घसरला तरी एकूण रोधन त्या मानाने बरेच अधिक घटते.

## ब्रेक ऑइल

प्रवासी गाड्यांमधील बहुतेक ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर्गीय असते. ते आर्द्रताशोषक असून होज पाइप, सील व टाकीचे झाकण यांतून हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की उत्कलनबिंदू झपाट्याने खाली येतो. म्हणून प्रत्येक श्रेणीसाठी कोरडा व ओला असे दोन किमान उत्कलनबिंदू ठरवलेले आहेत. ओला बिंदू साधारण ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ऑइलसाठी असतो.

* डॉट ३ : कोरडा २०५ अंश, ओला १४० अंश सेल्सियस
* डॉट ४ : कोरडा २३० अंश, ओला १५५ अंश सेल्सियस
* डॉट ५.१ : कोरडा २६० अंश, ओला १८० अंश सेल्सियस
* डॉट ५ : कोरडा २६० अंश, ओला १८० अंश सेल्सियस (सिलिकॉनवर्गीय)

या आकड्यांवरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. जुने, ओले झालेले डॉट ४ ऑइल हे ताज्या डॉट ३ ऑइलपेक्षा पुष्कळ आधी उकळते. श्रेणीपेक्षा ऑइलचे वय अधिक निर्णायक असते. अनेक वाहननिर्माते सुमारे दोन वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस करतात. टाकीतील पातळी घटली म्हणून वरून नवे ऑइल घातल्याने कॅलिपरमध्ये अडकलेले जुने ऑइल बदलत नाही. डॉट ५ हे नावात साम्य असले तरी ग्लायकॉलवर्गीय ऑइलमध्ये मिसळता येत नाही आणि अँटिलॉक यंत्रणेच्या गाड्यांसाठी सामान्यतः वापरले जात नाही.

## पेडलचा स्पर्श व दोषनिदान

पेडलचे वर्तन हे यंत्रणेच्या आतील स्थितीचे सर्वांत जवळचे लक्षण मानले जाते.

* मऊ, स्पंजासारखे पेडल : यंत्रणेत हवा असणे, ऑइल उकळणे किंवा जुने रबरी होज दाबाखाली फुगणे. पेडल भराभर दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असल्यास हवेची अथवा मागील ड्रमच्या बिघडलेल्या समायोजनाची शक्यता अधिक असते.
* खोल जाणारे पण तळाशी घट्ट पेडल : ड्रमचे स्वयंसमायोजक अडकणे, अथवा चाकाच्या सैल बेअरिंगमुळे किंवा वाकड्या डिस्कमुळे पॅड मागे ढकलले जाणे.
* दाब कायम ठेवला असता हळूहळू खाली जाणारे पेडल : मास्टर सिलिंडरचे आतील सील झिजून ऑइल आतल्या आत मागे सरकणे, किंवा कोठे तरी बाह्य गळती. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी चालवू नये.
* कठीण पेडल व कमी रोधन : बूस्टरला निर्वात न मिळणे, बूस्टरचा पडदा फाटणे अथवा पॅड काचेसारखे होणे.
* थरथरणारे पेडल : डिस्कच्या जाडीतील फरक. यास कारागीर 'डिस्क वाकली' असे म्हणतात. प्रत्यक्षात पुष्कळदा पॅडच्या द्रव्याचा असमान थर डिस्कवर बसलेला असतो. जोराने ब्रेक लावताना अँटिलॉक यंत्रणेमुळे येणारी जलद स्पंदने मात्र स्वाभाविक असतात.
* एका बाजूस ओढली जाणारी गाडी किंवा तापणारे एकच चाक : कॅलिपरच्या सरकपिना गंजून अडकणे, पिस्टन अडकणे किंवा होज आतून सुजून ऑइल परत न येणे.

बूस्टरची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत काही वेळा दाबावे, मग पायाचा दाब तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. बूस्टर कार्यक्षम असल्यास पेडल किंचित खाली सरकते.

हवा काढताना सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. भारतातील उजव्या बाजूस चालक असलेल्या गाड्यांमध्ये ते बहुधा मागील डावे चाक असते. तथापि कर्णरेषेत विभागलेल्या द्रवमार्गांच्या व अँटिलॉक यंत्रणेच्या गाड्यांसाठी निर्मात्याने दिलेला क्रमच ग्राह्य धरावा लागतो. अँटिलॉक एककात हवा अडकल्यास ती काढण्यासाठी निदानयंत्राचीही गरज भासते.

## विदर्भ व महाराष्ट्रातील घाटरस्ते

वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्यासारख्या भागात मोटारगाडीचा दैनंदिन प्रवास बहुतांशी सपाट किंवा सौम्य चढउताराच्या रस्त्यावर होतो. नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्ग या तालुक्यातील तळेगाव (श्यामजीपंत) येथून जातो आणि त्याच परिसरातील सत्याग्रही घाट हा या मार्गावरील वळणांचा टप्पा होय. अशा ठिकाणच्या गाड्यांचे ब्रेक वर्षभर फारसे तापत नाहीत. त्यामुळे ऑइल जुने झाल्याचे, एखादी सरकपिन अडकल्याचे किंवा मागील ड्रमचे समायोजन बिघडल्याचे चालकाच्या लक्षात येत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारे तापमान ब्रेकच्या तुलनेत नगण्य असते. परंतु पावसाळ्यातील दमटपणा ऑइलमध्ये पाणी वाढवतो आणि चिखल व धूळ सरकपिनांना जखडतात. हे दोष उघड होतात ते गाडी प्रथमच मोठ्या घाटात उतरते तेव्हा.

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण याचे बोलके उदाहरण आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर असून पायथ्याकडील अचलपूर–परतवाडा परिसर ४०० मीटरहून कमी उंचीवर आहे. माणसे व सामान धरून १,४०० किलोग्रॅमची गाडी हा सुमारे ७५० मीटरचा उतार उतरते, तेव्हा सुमारे १०.३ मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकोणीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. तिचा काही भाग हवेच्या व टायरच्या रोधात जातो. उरलेला भाग इंजिनाने पेलायचा की ब्रेकने, हे चालकाने निवडलेल्या गिअरवर अवलंबून असते.

मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटात लोणावळा व खोपोली यांच्या उंचीत सुमारे ५५० मीटरचा फरक आहे. ४० टन वजनाच्या मालवाहू वाहनाच्या बाबतीत या उतारावर मुक्त होणारी ऊर्जा सुमारे २१६ मेगाज्यूल भरते. पाच टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटर वेग कायम ठेवण्यासाठी असे वाहन सुमारे २१८ किलोवॉट इतक्या दराने ऊर्जा मुक्त करते; त्याच उतारावर १,२०० किलोग्रॅमच्या गाडीसाठी हा दर अवघा साडेसहा किलोवॉट असतो. अवजड वाहनांसाठी घाटात कमी वेगमर्यादा, स्वतंत्र मार्गिका व एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर यांची आवश्यकता यातून स्पष्ट होते.

पुण्यातील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अशा अपघातांसाठी परिचित आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका मालवाहू वाहनाच्या धडकेने चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. सुरुवातीस ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले गेले. नंतर उतारावर इंजिन बंद केले गेल्याची बाब प्राथमिक तपासात पुढे आली. इंजिन बंद केल्याने इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात किंवा हवेचा दाबही पुन्हा भरून निघत नाही.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याने इंधन वाचते हा समजही चुकीचा आहे. इंधन-अंतःक्षेपण असलेल्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा थांबवला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते.

## प्रतिबंध व आणीबाणीतील वर्तन

ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा चालकांमधील जुना नियम भौतिकदृष्ट्या योग्य आहे. गिअर उतार सुरू होण्यापूर्वी बदलावा. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवण्याऐवजी वेग वाढल्यावर निश्चित दाबाने तो कमी करून ब्रेक पूर्ण सोडल्यास पॅड व डिस्क यांमध्ये हवा खेळती राहते.

पेडल मऊ पडल्यास ते भराभर दाबून काही प्रमाणात दाब परत मिळू शकतो. त्याच वेळी क्रमाने खालचे गिअर घेऊन हँडब्रेक हळूहळू ओढणे इष्ट असते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत तारेने चालत असल्याने ऑइल उकळल्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मात्र तो झटक्याने ओढल्यास मागील चाके जखडून गाडी फिरते. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, कारण बीड तडकू शकते. चाकाला दगडाची उटी लावून गाडी गिअरमध्ये उभी ठेवावी व ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. थंड झाल्यावर पेडल पूर्ववत वाटले तरी ऑइल एकदा उकळले असल्यास ते बदलणे आवश्यक ठरते.

## ब्रेकची सुधारणा

ब्रेकची क्षमता वाढवण्याच्या उपायांचा क्रम खर्चानुसार नव्हे, तर दोषानुसार ठरवणे योग्य असते.

मूळ स्थितीत आणणे. सरकपिनांची साफसफाई व योग्य ग्रीस, ड्रमचे समायोजन, झिजलेली डिस्क बदलणे आणि ताजे ऑइल भरणे एवढ्यावर बहुसंख्य तक्रारी दूर होतात. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असल्यास उष्णता साठवण्याची तिची क्षमता घटलेली असते.

पॅड. घर्षण फेडवरील मुख्य उपाय म्हणजे अधिक तापमान सहन करणारे पॅड. अनेक पॅडवर दोन अक्षरी घर्षणसंकेत छापलेला असतो. पहिले अक्षर सामान्य व दुसरे उच्च तापमानातील घर्षणगुणांक दर्शवते. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफई' संकेताचे पॅड तापल्यावर पकड गमावतात, 'एफएफ' संकेताचे ती टिकवून ठेवतात. शर्यतीसाठीचे पॅड मात्र थंड असताना कमी पकड देत असल्याने शहरात किंवा गावात रोजच्या वापरास अयोग्य असतात.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, अनेकदा ब्रेक लावून व मध्ये थंड होऊ देऊन ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. या प्रक्रियेत राळेतील वायू निघून जातात आणि डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा एकसमान थर बसतो.

होज पाइप. पोलादी जाळीचे आवरण असलेले होज दाबाखाली कमी फुगतात, त्यामुळे पेडल घट्ट वाटते. जुने रबरी होज असलेल्या गाडीत हा फरक जाणवतो. थांबण्याच्या अंतरात मात्र त्याने फारसा बदल होत नाही.

मोठी डिस्क. ब्रेकचे परिबल घर्षणगुणांक, पॅडवरील जोर व परिणामी त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढे असते. परिणामी त्रिज्या १०० मिलिमीटरवरून ११० मिलिमीटर झाल्यास त्याच पेडलदाबात दहा टक्के अधिक परिबल मिळते. अधिक महत्त्वाचा लाभ वस्तुमानाचा आहे. जड व आतून हवा खेळणारी डिस्क कमी तापते आणि लवकर निवते. छिद्रे पाडलेल्या डिस्क आकर्षक दिसतात. परंतु छिद्रांमुळे वस्तुमान घटते व त्यांच्या कडांपासून तडे सुरू होऊ शकतात.

कॅलिपर व मास्टर सिलिंडर. मोठ्या पिस्टनचा कॅलिपर अधिक जोर देतो, पण त्यास ऑइलही अधिक लागते. मास्टर सिलिंडर तोच ठेवल्यास पेडल अधिक खोल जाते. उलट मास्टर सिलिंडरचा व्यास २०.६ वरून २२.२ मिलिमीटर केल्यास पेडलचा प्रवास कमी होतो, परंतु तोच दाब निर्माण करण्यासाठी सुमारे १६ टक्के अधिक जोर लावावा लागतो. 'घट्ट पेडल' म्हणजे 'प्रभावी ब्रेक' असे समीकरण म्हणूनच चुकीचे ठरते.

गाडी किती अंतरात थांबेल याची अंतिम मर्यादा टायर ठरवतात. ज्या गाडीचे ब्रेक चारही चाके जखडण्यास किंवा अँटिलॉक यंत्रणा कार्यान्वित करण्यास समर्थ आहेत, तिच्यात मोठे ब्रेक बसवल्याने एकदाच थांबण्याचे अंतर घटत नाही. मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग वारंवार थांबण्यात व लांब उतारावर होतो.

### पुढील व मागील ब्रेकचा समतोल

ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंचीवर आणि चाकांच्या अक्षांमधील अंतर २.४५ मीटर असलेल्या गाडीत गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट मंदनाने एकूण वजनाचा सुमारे १८ टक्के भाग मागून पुढे जातो. स्थिर अवस्थेतील ६०:४० ही विभागणी तेव्हा ७८:२२ होते. मागील ब्रेक अवाजवी प्रभावी केल्यास हलकी झालेली मागील चाके आधी जखडतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. केवळ पुढील ब्रेक वाढवल्यास गाडी स्थिर राहते, पण मागील टायरची क्षमता वाया जाते. यामुळे एकाच अक्षावरील ब्रेक बदलणे ही संपूर्ण गाडीच्या वर्तनात केलेली ढवळाढवळ ठरते.

## इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ड्रम व डिस्क या दोन्ही रचना जवळजवळ एकाच काळात पुढे आल्या. फ्रान्सचे लुई रेनो यांनी आधुनिक स्वरूपाचा ड्रम ब्रेक १९०२ मध्ये आणला, तर इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याच वर्षी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रम स्वस्त व बंदिस्त असल्याने अनेक दशके तोच प्रचलित राहिला. १९५३ च्या ल मॉं येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉप डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप गाडीने विजय मिळवला. पुनःपुन्हा तीव्र ब्रेक लावूनही ते क्षीण होत नाहीत, हा डिस्कचा गुण त्यामुळे जगापुढे आला. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक अँटिलॉक यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत उपलब्ध झाली.

मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीस चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढे डिस्क व मागे ड्रम ही रचना नंतरच्या काळात भारतात रूढ झाली. वाहने व त्यांच्या घटकांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली असून तिचे मुख्यालय पुण्यात आहे. भारतात सर्व नव्या प्रवासी मोटारगाड्यांना एप्रिल २०१९ पासून अँटिलॉक यंत्रणा अनिवार्य करण्यात आली. ही यंत्रणा चाके जखडणे टाळते. ब्रेक फेड मात्र ती रोखू शकत नाही.

## कायदेशीर बाजू

वाहनाच्या ब्रेकविषयीच्या आवश्यकता केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ मध्ये दिलेल्या आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळतः विनिर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मान्य श्रेणीचे ऑइल, त्याच मापाचे पॅड, डिस्क वा होज बदलणे ही देखभाल होय. वेगळ्या रचनेचे कॅलिपर, दुसऱ्या मॉडेलचा मास्टर सिलिंडर किंवा अँटिलॉक यंत्रणा काढून टाकणे मात्र मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल ठरू शकतात आणि अपघातानंतर विमादाव्यातही अडचण आणू शकतात.

## हे सुद्धा पहा

* डिस्क ब्रेक
* ड्रम ब्रेक
* अँटिलॉक ब्रेक यंत्रणा
* बोरघाट
* चिखलदरा
* आष्टी तालुका